वसुधाताईंनी लिहिलेली, मी पुसलेली ओळ

वसुधाताई गेल्याचं मला अकरा दिवसांनी कळलं, तेही रस्त्यात. माजिवड्याला पुलाखाली रिक्षासाठी उभी होते, तेवढ्यात शेजारी एक बाइक थांबली. हेल्मेटची काच वर झाली, आत सचिन. माझ्या जुन्या ऑफिसातला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग तो म्हणाला, "तुला कळलं असेलच ना... वसुधाताईंचं?" मला काहीच कळलेलं नव्हतं. "अगं, गेल्या त्या. दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, काकांनी चहाला हाक मारली तर..." ऑफिसातले सगळे त्यांच्या घरी भेटूनही आलेले. मी म्हटलं, "अरे, मग मला का नाही कळवलंत?" सचिन हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "तुला सांगावं की नाही, तेच ठरत नव्हतं आमचं," म्हणाला. मागून बसवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि तो निघून गेला. नऊ वर्षं ज्या बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसून मी काम केलं, त्यांच्या जाण्याची बातमी मला द्यावी की नाही याचा लोकांना विचार करावा लागला. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. का चुकलं नव्हतं, ते सांगायला हे लिहिते आहे.

वसुधा करंदीकर डोंबिवली पूर्वेला राहायच्या. कॉलेज संपल्यावर कल्याणला औषधांच्या एका होलसेल दुकानात लागल्या आणि तिथल्या गोदामात चौदा वर्षं औषधांची खोकी लावत, तपासत राहिल्या. गोदामात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासमोर बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ताई बसल्या. पुढे चाळिशीला पोचता पोचता संध्याकाळच्या क्लासला जाऊन, कॉलेजच्या पोरांच्या मधे बसून प्रोग्रामिंग शिकल्या आणि वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत आल्या. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना आणि वर तिसऱ्या मजल्यावर आम्ही. दिवसभर डिंकाचा वास यायचा. मी तिथे चोविसाव्या वर्षी लागले तेव्हा मला त्या वासाने मळमळायचं. पहिल्याच दिवशी ताईंनी पर्समधून लवंग काढून हातावर ठेवली. "तोंडात धर गं. आठवड्यात सवय होईल. मला तर आता सुट्टीच्या दिवशी चुकल्यासारखं होतं."

आमचं काम वाचकांना थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. राज्यभरातल्या औषध दुकानांमधून रोज त्यांच्या साठ्याची माहिती आमच्याकडे यायची. कोणतं औषध, कुठल्या बॅचचं, कधी मुदत संपणार. त्यातून आम्ही दुकानागणिक यादी बनवायचो की अमुक औषधांची मुदत संपली, ती फळीवरून काढा. ही यादी रोज चार वाजता दुकानांकडे जायची. माहिती इतकी की एका कॉम्प्युटरच्या आवाक्यातलं काम नव्हे. म्हणून ते वीसेक मशीनवर वाटून देणारी एक यंत्रणा होती. ती कामाचे तुकडे करते, प्रत्येक मशीनला एक तुकडा देते आणि उत्तरं गोळा करते. आता तारीख वाचणं, बेरीज करणं, फाइल उघडणं अशी बारीकसारीक कामं कुणी पहिल्यापासून लिहीत बसत नाही, त्यासाठी आधीच कुणी लिहून ठेवलेले छोटे प्रोग्राम, म्हणजे लायब्ररी, वापरतात. वीस मशीन असतील तर विसांवर त्या लायब्ररीचं एकच व्हर्जन लागतं. गोम अशी की यंत्रणा स्वतःच्या पोटात स्वतःच्या लायब्ररी घेऊन येते आणि आपण काही बोललो नाही तर आधी त्याच वापरते.

मला हे डोक्यात शिरेना. ताईंनी पर्समधून रक्तदाबाच्या गोळ्यांची स्ट्रिप काढली. "ही पाचची आहे. हीच दहाचीही मिळते. नाव तेच, कंपनी तीच, डबीचा रंगही जवळपास तोच. डॉक्टरने पाच लिहिली आणि दुकानातून दहाची दिली, तर घेणाऱ्याला कळेल का?" मी म्हटलं, नाही कळणार. "आणि गोळी गिळतानाही काही वेगळं वाटणार नाही. तसंच आहे हे. मशीन तक्रार करत नाही, प्राची. ते मुकाट्याने गिळतं."

म्हणून ताईंची यादी होती. म्हणजे यंत्रणेला कोणत्या लायब्ररी, कोणत्या व्हर्जनच्या, कुठून घ्यायच्या ते सांगणारी फाइल. अशी फाइल सगळीकडेच असते. ताईंच्या फाइलचं वैशिष्ट्य हे की प्रत्येक ओळीच्या वर त्यांची एक टीप असायची आणि ती मराठीत. 'हे नवीन घेतलं तर नाशिकच्या फाइली उघडत नाहीत.' 'का चालतं ते कळलेलं नाही, पण चालतं. कळलं की लिहीन.' आणि तारखा वाचणाऱ्या लायब्ररीवर सगळ्यात मोठी टीप: 'हे व्हर्जन बदलू नये. पाकिटावर फक्त महिना-वर्ष असेल तर औषध महिन्याच्या शेवटपर्यंत चालतं. जुनं व्हर्जन महिनाअखेर धरतं, नवीन पहिली तारीख धरतं. जुन्या मशीनवर मी हाताने जुनं टाकलं आहे. नवी मशीन येतील तेव्हा घोळ होऊ नये म्हणून खालची ओळ. ती काढू नये.' खालची ओळ यंत्रणेला बजावत होती की आमची प्रत प्रत्येक मशीनला कामासोबत पाठव आणि तुझ्या पोटातली सोडून आधी आमची वापर.

ही टीप मी कितीतरी वेळा वाचली होती. मला पाठ होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

सातव्या वर्षी मी टीम लीड झाले. म्हणजे ताईंची वरिष्ठ. पेढे त्यांनीच आणले, सगळ्यांना स्वतः वाटले. मला तेव्हा बरं वाटलं आणि थोडं अवघडही झालं. मग नवे विभागप्रमुख आले. हुशार, घाईचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. परदेशातल्या एका कंपनीचे लोक आमचं काम बघायला येणार होते आणि त्याआधी सगळं ताजं, नीटनेटकं हवं होतं. सरांनी ताईंची फाइल पडद्यावर उघडली आणि हसले. "हे काय, डायरी आहे का?" खोलीतले सगळे हसले. मीही हसले. ताई त्या दिवशी नव्हत्या, यजमानांच्या, म्हणजे काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर रजेवर होत्या. मी म्हटलं, "सर, मी साफ करते."

आणि केली. मराठी टिपा सगळ्या काढल्या. जिथे जिथे जुनं व्हर्जन बांधून ठेवलं होतं तिथे 'सर्वांत नवीन' असं लिहिलं. तारखेच्या लायब्ररीशी आल्यावर हात थांबला, नाही असं नाही. ताईंना फोन करून विचारावं असं मनात आलं. पण विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, आणि मला सरांना जाऊन सांगावं लागलं असतं की लीड असूनही मला ताईंची परवानगी लागते. टीप काढली, ओळ काढली. दोन मशीनवर चालवून बघितलं. सगळं हिरवं, म्हणजे चूक कुठेच नाही. ती दोन्ही मशीन जुनी होती, हे माझ्या लक्षातही आलं नाही. त्याच महिन्यात आलेल्या नव्या मशीनवर ताईंचा हात फिरलेला नव्हता.

पुढचे चार दिवस विचित्र तक्रारी येत राहिल्या. दुकानदार सांगायचे, परवा एक्स्पायर दाखवलं, काल दाखवलं नाही, आज पुन्हा दाखवतंय. कामाचा तुकडा रोज वेगळ्या मशीनकडे जायचा. जुन्याकडे गेला तर यादी बरोबर, नव्याकडे गेला तर त्या महिन्यात मुदत संपणारी सगळी औषधं पहिल्या तारखेलाच बाद. आम्ही दुकानदारांनाच उलट विचारत होतो की तुम्ही माहिती नीट भरता ना... काहींनी यादीवर विश्वास ठेवला आणि चांगली औषधं फळीवरून काढून टाकली.

ताई रजेवरून आल्या आणि तासाभरात त्यांना कळलं. कसं कळलं विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तक्रारी सगळ्या महिना-वर्षवाल्याच आहेत." अकरा वाजता काचेच्या खोलीत मीटिंग बसली. सर, मी, ताई, सचिन, आणखी दोघं. सरांनी विचारलं, "वेगवेगळ्या मशीनवर वेगवेगळं व्हर्जन आलंच कसं? कुणी टाकलं?"

"जुन्या मशीनवर मीच टाकलं होतं," ताई म्हणाल्या. "पण त्याची नोंद आहे, सर. फाइलमध्ये लिहिलंय. आणि फरक पडू नये म्हणून ओळही घातलेली आहे."

सरांनी फाइल पडद्यावर उघडली. नोंद नव्हती, ओळ नव्हती. फाइल स्वच्छ होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "प्राची, साफ तू केलीस ना? अशी काही नोंद होती?"

मी आजही ते उत्तर आठवताना मान खाली घालते. घरात एकटी असले तरी. मला दोन शब्द पुरले असते, 'होती, सर.' मी म्हटलं, "मला तरी दिसली नाही."

ताईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. एखाद्याचं बोलणं नीट ऐकू न आल्यावर आपण बघतो, तसं. फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात, दोन बटणं दाबली असती तर त्यांची टीप आणि ती पुसणारीचं नाव दोन्ही त्या पडद्यावर आली असती. मला ते माहीत होतं. ताईंनाही माहीत होतं. मी त्यांच्या हाताकडे बघत बसले. हात मांडीवरून उठला नाही. "बरं," त्या म्हणाल्या. "आधी दुरुस्त करते. चारला याद्या जायच्यात." आणि उठून जागेवर गेल्या. पावणेचारला यादी बरोबर निघाली.

हाताने केलेलं आणि नोंद न ठेवलेलं काम, असा ठपका ताईंवर बसला. ती फाइल त्यांच्याकडून काढून माझ्याकडे देण्यात आली आणि त्यांना वापराच्या पुस्तिका लिहायला बसवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला येण्याआधी त्या स्वतःहून कल्याणला दुकानांमधून फिरून आल्या. माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. एका मुलीचं फिट्सचं औषध दुकानदाराने आपल्या यादीप्रमाणे परत पाठवलेलं. बापाने तीन दुकानं पालथी घातली, मिळेपर्यंत दोन दिवस गेले. "शाळेत फिट आली तिला," ताई म्हणाल्या. "बाकावरून पडली. आता बरी आहे, मी घरी जाऊन बघून आले." एवढं सांगून त्या थांबल्या. आता मला कळतं, त्या मला खरं बोलायला जागा करून देत होत्या. मी म्हटलं, "बरं झालं, बरी आहे ते." त्या आणखी क्षणभर उभ्या राहिल्या, मग आपल्या खुर्चीकडे गेल्या.

सहा महिन्यांनी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाचं भाषण मी केलं. लीड म्हणून मीच करायचं होतं. 'ताईंनी आम्हाला प्रामाणिकपणा शिकवला' असं एक वाक्य मी त्यात घातलेलं. ते बोलताना मला काही वाटलं नाही, टाळ्या वाजल्यावर वाटलं. ताईंनी केक कापला, पहिला तुकडा मला भरवला.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मी आईकडे डोंबिवलीला आलेले, फडके रोडवर. समोरून ताई येत होत्या, हातात भाजीची पिशवी, चालणं जरा मंदावलेलं. मी सरळ शेजारच्या चपलांच्या दुकानात शिरले. नको असलेले सँडल पायात घालून बघत बसले. संध्याकाळी ताईंचा मेसेज आला: 'आज घाईत होतीस वाटतं. ये कधीतरी घरी. मी असतेच.' मी अंगठा पाठवला. त्या मेसेजलाही आता दोन वर्षं झाली.

सचिन भेटला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. अरविंदकाकांनी दार उघडलं, ओळखलं, आत घेतलं. पाणी दिलं. मी फार वेळ इकडचं तिकडचं बोलू शकले नाही. म्हटलं, "काका, ताईंवर जो ठपका आला ना, तो खोटा होता. नोंद होती. मीच पुसलेली. आणि मी खोटं बोलले."

"माहीत आहे मला," काका म्हणाले. "त्याच दिवशी येऊन सांगितलं तिने."

"मग त्या तिथे का नाही बोलल्या? एका मिनिटात सिद्ध झालं असतं."

"मीही हेच विचारलं. चिडलो होतो मी. तर म्हणाली, भांडत बसले असते तर चारच्या याद्या पुन्हा तशाच गेल्या असत्या. आणि म्हणाली, प्राची स्वतः येऊन सांगेल. पोर वाईट नाही, घाबरली." काकांनी रिकामा पेला उचलून पुन्हा खाली ठेवला. "बरेच दिवस वाट बघितली तिने. रविवारी कुणी बेल वाजवली की म्हणायची, बघा हो, प्राची असेल. मग हळूहळू तो विषय निघेनासा झाला."

मी रडायला लागले. काकांनी रडू दिलं. थोड्या वेळाने मी म्हटलं, "मला माफ करा, काका." ते शांतपणे म्हणाले, "मी कसा करणार? माझ्याशी नाही बोललात तुम्ही खोटं. तिच्या वतीने मी काही सांगू शकत नाही हो. सांगितलं तर तेही खोटंच होईल."

घरी आल्यावर मी एक पत्र लिहिलं. त्या काचेच्या खोलीत होते त्या सगळ्यांना. सर आता दुसरीकडे असतात, त्यांचाही पत्ता मिळवला. काय होतं, मी काय पुसलं, काय बोलले, सगळं. सरांचं उत्तर आलं नाही. दोघांनी 'असू दे आता' असं लिहिलं. सचिनने फोन केला. "आम्हाला माहीत होतं गं," तो म्हणाला. "त्याच दुपारी मी जुनी आवृत्ती उघडून बघितलेली. तू लीड होतीस... मी गप्प बसलो. सगळेच बसलो." म्हणजे चार वर्षं मी जे लपवत होते ते सगळ्यांना दिसत होतं, आणि ताईंना हेही दिसत असणार की सगळ्यांना दिसतंय आणि कुणी बोलत नाही. याच माणसांना त्या रोज डब्यातली भाजी वाढत होत्या.

पत्राची एक प्रत मी काकांना पाठवली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "वाचलं. पण हे मी तिला वाचून दाखवणार नाही. तुम्ही या आणि वाचा."

गेल्या रविवारी गेले. ताईंची कामाची जागा म्हणजे काचा लावून बंद केलेली गॅलरी. एक टेबल, एक खुर्ची, मान अवघडते म्हणून खुर्चीला बांधलेली छोटी उशी. टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. काकांनी झाकण काढून दाखवलं. आत औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्स, शेकड्याने. कंपन्या मुदतीची तारीख किती तऱ्हांनी छापतात ते बघायला ताई त्या साठवायच्या. शेजाऱ्यांकडून मागून आणायच्या, दवाखान्याबाहेर सापडली तर उचलायच्या. निवृत्त झाल्यावरही. सगळ्यात वरची स्ट्रिप त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांची होती, तिच्यात दोन गोळ्या शिल्लक होत्या.

काकांनी भिंतीवरचा ताईंचा फोटो काढून त्या खुर्चीत उशीला टेकवून ठेवला आणि स्वतः दाराशी स्टुलावर बसले. पंखा बंद केला. मी उभी राहून वाचायला लागले. फाइलबद्दल वाचलं, टिपेबद्दल वाचलं, ती टीप जशीच्या तशी वाचली. मशीनबद्दल, मीटिंगबद्दल वाचलं. माझा आवाज तोवर बरा चालला होता. मग ती ओळ आली, 'नोंद मी पाहिली होती आणि मी खोटं बोलले.' ती मी वाचली आणि भराभर पुढे निघाले.

"थांबा," काका दारातून म्हणाले. "ती ओळ परत वाचा. नीट ऐकू आली नाही."

मी ती ओळ परत वाचली.